पिवळा हात

तात्याराव काठी टेकत दारात आले, ते रेणुकाला आवडलं नाही. तिचे वडील, सिद्धोधन, जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्यांना आयुष्यभर चिकटलेल्या डागाचा हा म्हातारा एकटाच साक्षीदार होता.

गावाची जुनी रीत होती. नव्या सरपंचानं खुर्चीवर बसण्याआधी चावडीच्या आतल्या खोलीत, एका जाणत्यासमोर खंडोबाचा बेलभंडार ओंजळीत उचलून शपथ घ्यायची आणि बाहेर येऊन पिवळे हात दाखवायचे. सिद्धोधन सरपंच झाले, तेव्हा जाणते म्हणून आत तात्याराव होते.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस, अन् खुर्चीपायी भंडारा उचलला," आत्या धम्मशीला कालसुद्धा म्हणाली होती. बाबांनी कधी उत्तर दिलं नाही. उद्या पुण्यानुमोदनाला रेणुकानं बोलायचं होतं, आणि सगळं इथंच अडलं होतं.

"पोरी, तुझ्या बापानं भंडारा उचलला न्हाई," तात्याराव टेकत म्हणाले. "म्या उचलला."

"ते गेले म्हणून गोड बोलताय का, काका?"

"गोड बोलायला तोंडात दात तरी हायेत का? ऐक. सिद्धोधन म्हणला, खुर्ची ठेवा तुमची, मी चाललो. भायेर सगळं गाव. मग म्याच भंडारा उचलला. म्हणलं, ह्याला कुणी आडवं आलं तर खंडोबा, तुजा कोप माझ्यावर. अन् तसाच त्याचा हात धरला. भायेर लोकांनी पिवळा हात बघितला, हलगी सुरू!"

"मग ते बोलले का नाहीत?"

"कुणाला सांगू नको म्हणून म्याच त्याला हात जोडले हुते. रीत मोडली म्हणून माझ्या लोकांनी मला वाळीत टाकलं असतं."

उतारवयात माणसं स्वतःसाठी असल्या गोष्टी रचतात, हे रेणुका जाणून होती. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"कसा धरला हात? दाखवा."

तात्यारावांनी काठी भिंतीला लावली. तिचा उजवा हात घेतला, एक पंजा खाली, एक वर, आणि घट्ट दाबला.

बाबा सरपंच झाले त्या संध्याकाळी अंगणातल्या दगडावर त्यांच्या हातावर पाणी तिनंच घातलं होतं. डावा हात कोरा होता, ओंजळ धरलीच नसल्यासारखा. उजवा मात्र पालथासुद्धा पिवळा. "बाबा, मागं पण!" म्हणत तिनं साबण घासला होता. हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

रेणुकानं हात सोडवून घेतला नाही.

"आत्या," तिनं आत हाक मारली, "बाहेर ये. काका, आता हे पुन्हा सांगा. मोठ्यानं."