सोवळ्यातली खोली

कित्येक वर्षं मी चहात साखर घातली नाही, आणि आता रोज पिशव्या भरभरून साखरेचं पाणी पोटात घेते. मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी केली, तेव्हा डॉक्टरांनी हा घरच्या घरी करायचा डायलिसिस सुचवला. पोटाला कायमची नळी बसवलेली. तिच्यातून पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग अंगातली घाण घेऊन ते बाहेर येतं. दिवसातून चार वेळा. त्या पाण्यात साखर असतेच, म्हणून इन्सुलिनही वाढलं. नशिबाला थट्टा करायला मीच सापडले.

निशा नावाची नर्स आमच्या डोंबिवलीच्या घरी येऊन सगळं शिकवून गेली. पिशवी बदलताना दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. अर्ध्या तासाचं काम. माझा मुलगा विनीत शेजारी उभा राहून ऐकत होता. पण त्याने ऐकलं ते त्याच्या पद्धतीने.

गणपतीत मी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करायचे, ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं. तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळायचा आणि मी ओरडायचे, "शिवू नकोस रे, लांब हो!" आरती होईपर्यंत त्याची आई त्याची नसायचीच. तेच त्याने माझ्या खोलीला लावलं. अर्ध्या तासाचं सोवळं दिवसभराचं झालं. सून शिवानी जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायला लागली. विनीत ठाण्याहून ऑफिसमधून आला की दारातूनच विचारायचा, "आई, सगळं ठीक ना?" मी ठीक म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? भरल्या घरात मी देव्हाऱ्यातल्या देवासारखी बसून. देवाला निदान कुणीतरी हात लावून आंघोळ घालतं.

"अरे, पिशवी बदलत नसते तेव्हा आत आलास तरी चालतं," मी एकदा म्हटलं.

"राहू दे ना आई, कशाला रिस्क?"

श्रावणात एक दिवस बाहेर आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं आणि पोटात कळा सुरू झाल्या. इन्फेक्शन. विनीतने मला अक्षरशः उचलून गाडीत घातलं. शीळफाट्याला गाड्या जागच्या हलेनात. त्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने माझा हात धरलेला. "दुखतंय का गं? बोल ना काहीतरी." पोट फाटत होतं आणि मला वाटत होतं, हा ट्रॅफिक सुटूच नये.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये तो खुर्चीतच झोपायचा. सकाळी माझे केस विंचरायचा, ते जमायचं नाही, त्यावर आम्ही हसायचो. निघताना डॉक्टर स्पष्टच बोलले, "डायबेटिसच्या पेशंटला हे पुन्हा पुन्हा परवडत नाही. असंच होत राहिलं तर नळी काढावी लागेल, मग हॉस्पिटलात मशीनवरच्या डायलिसिसवर यावं लागेल. यांचं हृदय ते सोसेल असं मला वाटत नाही." विनीत पांढराफटक पडला.

घरी आल्यावर तो दारातही येईना. हॉलमधून फोन करायचा. माझ्याच घरात, भिंतीपलीकडून फोन! चिडायची सोय नव्हती, कारण हे सगळं प्रेमापोटी चाललेलं. पण मला फार एकटं वाटायचं.

परवा दुपारी पाणी बाहेर आलं ते अगदी स्वच्छ. आनंदाची गोष्ट. मला वाईट वाटलं. पिशवी तशीच ठेवली आणि ठाण्याला फोन लावला. "विनीत, पाणी गढूळ आलंय."

तासाभरात तो बुटांसकट आत आला. पिशवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. फिकट पिवळं, नितळ पाणी. माझ्याकडे बघितलं. आता ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो पलंगावर बसला.

"त्या वेळचं इन्फेक्शन माझ्यामुळेच झालेलं, आई. तू पिशवी लावत होतीस आणि मी घाईत, एकदाच, चार्जर घ्यायला आत आलेलो. दार उघडंच राहिलं."

त्यामुळेच झालं का, कोण सांगणार? निशा म्हणाली होती, माझ्या हातूनही चूक झाली असेल, नजर कुठे पहिल्यासारखी राहिलीय.

"मला भीती वाटते गं, तुझ्याजवळ यायची."

"आणि मला नाही वाटत? इथे एकटीला?" माझा आवाज चढलाच. "बस इथे."

तो उठला. वाटलं, गेला. पण बूट बाहेर काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, मास्क लावून परत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसला. पुढची पिशवी थेट संध्याकाळी होती, मास्कची काही गरज नव्हती. पण काढ म्हटलं असतं तर कदाचित उठूनच गेला असता.

थोड्या वेळाने त्याने माझ्या पावलावर हात ठेवला. माझ्या पायांची जाणीव मधुमेहाने केव्हाच नेली आहे. त्याचा हात मला कळत नव्हता. म्हणून मी नुसती त्या हाताकडे बघत राहिले.