हरेशशेठचा खिळा

जासईच्या हरेशशेठने जमिनीच्या पैशातून भिंतभर युकुलेली, म्हणजे छोट्या गिटारसारखी चार तारांची वाद्यं, टांगलीत. वाजवता त्याला एकही येत नाही. वाजवणाऱ्याची बोटं गेली की हा हजर, गिधाड कुठला!

पनवेलमध्ये युकुलेले शिकवणाऱ्या समीक्षाची बोटं हल्ली बधिर व्हायची. तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तरी शेठ क्लासमध्ये येऊन बसला.

“मॅडम, तुमच्या युकुलेलेसाठी खिला ठोकून ठेवलाय.”

“मी विकणार नाही, शेठ.”

“आमाला कुठं घाई हाय? करंजाचा मिथुन पण असाच बोललेला. आता त्याचं भिंतीवर हाय.”

“निघा!” म्हणत तिने चिडून कॉर्ड धरली आणि तारा छेडल्या. बोटांखाली तारा नीट दाबल्याच गेल्या नाहीत; नुसतं थप्प वाजलं.

शेठ हसला नाही. त्याने पिशवीतून वाद्य गुंडाळायचं मऊ कापड काढलं आणि मांडीवर पसरलं.