नदीकाठची नवखी

योलेदाने खेळाच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं, तर खेळ सुरू होण्याऐवजी एक खिडकी उघडली. आत खेळाचे सगळे तुकडे सुटे पडलेले होते. तिला वाटलं, असंच असणार. नवा पंखा आणला तरी खोक्यातून पाती आणि दांडा सुटेच निघतात. तिने एकेक तुकडा माऊसने ओढून बाहेर ठेवायला सुरुवात केली. शेजारचा नेरिओ कॉफी प्यायला आला तोवर स्क्रीनवर इवल्याइवल्या चित्रांची नुसती रांगोळी झाली होती.

"हा काय बाजार मांडलाय, बाई?"

"तूच म्हणालास ना, उघडा आणि बसवा. उघडलं. आता बसव."

नेरिओने कपाळाला हात लावला. तो गल्लीतले पंखे, मोबाइल आणि रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणजे उघडायचा नक्की. त्याच्या ओसरीवर अर्ध्या मोहल्ल्याची यंत्रं पोट फाडून पडलेली असत. योलेदाचा लॅपटॉप विजेच्या झटक्याने आडवा झाला, तेव्हा त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून तो उभा करणारा नेरिओच. हलकं असतं, जुन्या मशीनला झेपतं, व्हायरस त्याच्या वाटेला जात नाहीत, असं त्याने सांगितलं होतं आणि ते सगळं खरं होतं. योलेदाला ज्याच्यासाठी लॅपटॉप हवा होता तो एकमेव खेळ विंडोजचा आहे, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

खेळात राक्षस होते, किल्ले होते, लढाया होत्या. योलेदाने त्यातलं काही पाहिलेलं नव्हतं. तिचा मुलगा एउदोमार चिलीत, कोन्सेप्सियोनला होता. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मायलेक खेळातल्या एका नदीकाठी भेटायचे आणि मासे पकडायचे. गुरुवारी दुपारी माराकायबो शहरातल्या तिच्या भागातली वीज सहसा जात नसे. फोनवर एउदोमार तार पाठवल्यासारखं बोलायचा. जेवलो. थंडी आहे. काम चालू आहे. पण तिथे गळ टाकून बसला की त्याची जीभ सैल व्हायची. मुकादम कसा ओरडतो, खोलीत ओल कशी येते, एक मुलगी आवडली होती पण तिचं लग्न ठरलेलं निघालं, सगळं लिहायचा. त्याचा बापही तसाच होता. सरोवरावर होडीला डांबर लावताना तेवढा बोलायचा, घरात आला की मुका. योलेदाने न्यायालयात उभा जन्म टंकलेखन केलेलं, त्यामुळे पोराच्या बोलण्याला तिची बोटं कधी कमी पडली नाहीत.

आणि नेमकं त्या शेवटच्या गुरुवारी त्याने लिहिलं, "आई, एक सांगायचंय. आधी कबूल कर, रडणार नाहीस."

ती कबूल करणार तेवढ्यात वीज गेली. आली ती असा दणका देत आली की फ्रिज कण्हला आणि लॅपटॉप काळा पडला. फोनवर विचारलं तर म्हणाला, काही नाही गं, असंच, मशीन सुरू झालं की बोलू. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आजार म्हणावा तर आवाज बरा वाटत होता. तुरुंग, पोलीस, एखादं मूल, नाही नाही ते मनात येऊन गेलं. पोटच्या पोराच्या मनात काय आहे हे कळायला आपल्याला एक नदी लागते, याची तिला लाज वाटत होती.

नेरिओने वाइन नावाचा प्रोग्राम आणला. नाव दारूचं, पण चढत कुणालाच नाही, असं तो म्हणाला. विंडोजच्या खेळाला तो गोड बोलून समजावतो की हे तुझंच घर आहे, ये, बस. खेळ मात्र काही केल्या बसेना. एकदा उघडला तर माणसांना तोंडंच नव्हती. एकदा तोंडं आली तर अक्षरं मुंगीएवढी झाली. दोघांनी मदतीच्या पानांवर लोकांचे सल्ले वाचले. प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'हे अगदी सोपं आहे' अशी असायची आणि पुढे प्रत्येक जण दुसऱ्याच्या उलट सांगायचा. योलेदाने कोर्टातल्या सवयीने 'सन्माननीय गृहस्थहो' अशी सुरुवात करून आपली अडचण मांडली. एकाने सांगितलं, आधी जुनी उत्तरं वाचा. दुसऱ्याने विचारलं, विंडोजचा खेळ हवाच कशाला? लिनक्सवर फुकट आणि छान छान खेळ आहेत, पेंग्विनचा एक तर फारच गोड आहे.

"त्यात माझा मुलगा नाही," तिने लिहिलं.

शेवटी नेरिओला कुठूनशी एक लांबलचक ओळ सापडली. ती काय करते हे त्याला ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी खाली लिहिलं होतं की माझं काम झालं. त्याने ती जशीच्या तशी चिकटवली आणि खेळ उघडला. तोंडं होती, अक्षरं होती, पाण्याचा आवाजसुद्धा होता. योलेदाने नेरिओच्या टकलाचा मुका घेतला.

गुरुवारी ती नदीवर गेली. खेळातली तिची लाल टोपीवाली बाई काठावर उभी राहिली. एउदोमार नेहमीच्या दगडावर होता.

"आई!" त्याने लिहिलं.

तिने बोटं उचलली आणि मध्येच एक करडी चौकट आली. लबाडी करणाऱ्यांना पकडायला त्या खेळात एक पहारेकरी बसवलेला होता. नेरिओच्या त्या ओळीने मशीनला विंडोजचा मुखवटा चढवला होता आणि पहारेकऱ्याला मुखवटाच दिसला. खातं बंद, कायमचं. तिने कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, माणसाने लिहिलेलं नव्हतं. संपर्क केल्याबद्दल आभार, निर्णय अंतिम आहे.

"तोंड झाकून घरात शिरतो तो चोरच," नेरिओ म्हणाला. "पहारेकऱ्याला तरी काय बोलणार." तो तिच्याकडे न बघता पेचकस पुसत होता. ती ओळ काढून टाकली तर खेळ उघडत नव्हता आणि ठेवली तर पहारेकरी होता. दुसरा काही उपाय त्याला येत नव्हता, आणि त्याने तसं कबूलही केलं.

मग योलेदानेच एक गोष्ट शोधून काढली. नवं खातं काढलं तर पहारेकरी लगेच येत नाही, नवख्या माणसाला थोडी सवड मिळते. पुढच्या गुरुवारी ती जेमतेम खेळातल्या गावाच्या वेशीपर्यंत पोचली. त्याच्या पुढच्या वेळी पुलापर्यंत. एउदोमारला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं आणि पोचायचं नाही, म्हणजे पोराला काठावर ताटकळत ठेवायचं.

त्यानंतरच्या गुरुवारी ती धावतच सुटली. सगळी चांगली नावं आधीच कुणीतरी घेतलेली होती, म्हणून तिने या वेळी 'भोपळा' हे नाव घेतलं होतं. अंगात नवख्यांना मिळतो तो मळका सदरा. पूल ओलांडला, उतार उतरली. एउदोमार दगडावर बसलेला होता.

'मी आहे रे' असं लिहायला बोटं गेली आणि थांबली. आई म्हटलं की तो सांगणार, सगळं ठीक आहे. चौकट कधी येईल याचा नेम नाही, तेवढ्या वेळात ती त्याच्याकडून काय काढून घेणार होती?

"इथे मासे लागतात का?" तिने लिहिलं.

"लागतात. बसा."

ती बसली. गळ टाकायला नवख्यांकडे गळही नसतो. हात रिकामे होते आणि रिकाम्या हातांनी घात केला.

"जेवलास का?" लिहून गेल्यावर तिने जीभ चावली.

एउदोमारने गळ वर ओढला आणि पुन्हा पाण्यात टाकला.

"जेवलो," त्याने लिहिलं. "भात केला होता."

"कुणाची वाट बघतोयस?"

"आईची. तिला एक सांगायचंय. तोंड उघडत नाही."

"मला सांगून बघ. मी कोण कुठली भोपळा."

मग त्याने सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी. पार दक्षिणेला, समुद्रात जाळी बांधून मासे पाळतात, तिथे काम मिळतंय. या ओल्या खोलीतून सुटका होईल. पण तिथे फोन लागत नाही, इंटरनेट नाही. बोट महिनोन्महिने किनाऱ्याला येत नाही. ठेकेदाराला उत्तर आजच हवंय.

"मग अडलंय कुठे?"

"मी गेलो तर तिचा गुरुवार जाईल. तिच्याकडे दुसरं आहे काय?"

योलेदाने पदर असता तर तोंडात धरला असता. हातात भांडी पुसायचा कपडा होता, तोच धरला. तिच्याकडे दुसरं काय होतं याचा तिनेही कधी हिशेब केला नव्हता. नेरिओची बडबड होती, कण्हणारा फ्रिज होता. जाऊ नको असं लिहिलं तर तो जाणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि ते लिहावं असं तिला फार वाटलं.

"आईला मासे कधीच आवडले नाहीत," तिने लिहिलं. "जा तू. लोकरीचे मोजे घे, दोन जोड."

एउदोमारच्या गळाला मासा लागला. दोरी ताणली गेली, पण त्याने ती ओढली नाही. मासा सुटून गेला.

मग त्याने लिहिलं, "आशीर्वाद दे."

माराकायबोत पोर हे मागितल्याशिवाय आईचा उंबरा ओलांडत नाही. आणि वाटेवरच्या अनोळखी बाईकडे हे कुणी मागत नाही.

म्हणजे मघापासून तो आपल्या आईलाच सांगत होता. तिची बोटं कीबोर्डवर पडली. 'देव तुझं' एवढं लिहून झालं आणि करडी चौकट आली.

तिने फोन उचलला. त्याची लाइन व्यग्र होती. पुन्हा लावला, व्यग्र. ठेकेदाराला तो हो म्हणत असणार. ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. नवं खातं, नवं नाव. 'भोपळा'ला आकडा जोडला. नवख्यांना चालायला शिकवणारा म्हातारा समोर आला, तो काही केल्या आवरेना. डावीकडे वळून दाखव, उजवीकडे वळून दाखव. ती मुकाट्याने वळली. मग वेस, पूल, उतार.

दगडावर एउदोमार नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी परका चिलखतवाला गळ टाकून बसला होता, खांद्यावर भलीमोठी तलवार. तिने पुन्हा फोन लावून पाहिला. आता तो बंद होता.

तिने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि स्वल्पविराम न चुकवता लिहिलं, "देव तुझं भलं करो, बाळा. सांभाळून जा."

चिलखतवाल्याने मान वळवून तिच्या मळक्या सदऱ्याकडे पाहिलं.

"आमेन, बाई," त्याने लिहिलं, आणि दगडावर जरा सरकून बसला.