कोरी फिल्म

ताईच्या गाठीतल्या पेशींवर मी सहावं औषध वापरून पाहिलं. त्यांच्यातलं, गाठ वाढवणारं टायरोसिन कायनेज हे एन्झाइम चालू असलं की फिल्मवर काळी पट्टी उमटते. काल फिल्म कोरी निघाली. मला कुठला धीर निघतोय! प्रयोगशाळेतूनच ताईला फोन लावला, "बंद पडलं गं ते मेलं एकदाचं!"

आज फ्रिज उघडला, तर पट्टी दाखवणाऱ्या अँटिबॉडीची कालसाठी आणलेली नवी कुपी सीलबंद. काल मी ती घातलीच नव्हती. मग पट्टी उमटणार कुठे, माझ्या कपाळावर?

तेवढ्यात ताईचाच फोन आला.

"अगं, आज महिन्याभराने जेवताना परत वाढून घेतलं मी. तुझे दाजी तर रडायलाच लागले."

कुपी माझ्या मुठीत होती.

"अजून घे थोडं," मी म्हटलं.