मिस्त्रींकडचं पाणी

नर्स हात धुऊन वळली तोवर मिस्त्री पान्हा घेऊन नळाला भिडले होते.

"काका, राहू द्या हो तो नळ," ती म्हणाली. "बसा ना जरा. मला तुमच्याशी बोलायचंय."

"थेंब थेंब गळतोय. तुम्ही बोला, मी ऐकतोय."

बसणं मिस्त्रींना जमतच नव्हतं. बायकोचं दुखणं बळावल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, पंख्याची खरखर काढून झाली, तिच्या खाटेचा डुगडुगणारा पाय ठीक करून पुन्हा ठीक करून झाला. आज नळाची पाळी आली होती.

ज्यांचं दुखणं आता बरं होण्यातलं नाही अशा माणसांची शुश्रूषा करायला ही नर्स स्कूटरवरून गावोगाव, घरोघर फिरायची. बोलायला स्पष्ट होती. काकूंच्या पोटातलं दुखणं पसरलंय, ती म्हणाली. इस्पितळात नेलं तर नळ्या घालतील, सुया टोचतील, पण बरं कुणी करू शकणार नाही. घरी ठेवलं तर मी येत जाईन. वेदना थांबवायचे थेंब देईन, कूस कशी बदलायची, तोंड कसं ओलं ठेवायचं ते तुम्हाला शिकवीन.

"पण घरच्यांचं एकमत पाहिजे, काका. औषध सुरू करायचं आणि मध्येच घाबरून गाडी बोलवायची, असं केलं तर हाल काकूंचेच होतात. मग, दुपारी औषध घेऊन येऊ?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

तिची स्कूटर वळणाआड गेली आणि मिस्त्रींच्या हातातला पान्हा थांबला. कारण आदल्याच दिवशी फोनवर ते मुलालाही "हो" म्हणून बसले होते. मुलाने ओळखीपाळखी लावून शहरातल्या इस्पितळात खाट मिळवली होती आणि आज जेवणाच्या सुमारास तो गाडी घेऊन आईला न्यायला येणार होता.

मिस्त्रींचं हे जुनंच होतं. जळालेल्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कुणाला "नाही" म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. गिऱ्हाइकाने कोळसा झालेली मोटर पुढ्यात आपटून "उद्या द्या" म्हटलं, तरी हे आपले मान डोलवायचे. नाही म्हणणं बायकोकडे. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, मध्ये एक पडदा. पडद्याआड बसून ती मोटरींत तांब्याची तार भरायची, पण कान बाहेर. नवऱ्याने नको तिथे मान डोलवली की आत भांडं वाजायचं. मग ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर यायची, गिऱ्हाइकाला बसवायची, पाणी प्यायला लावायची आणि पेला रिकामा झाल्यावर सांगायची, "ही मोटर नाही होणार, भाऊ. उगाच आस लावून बसू नका." घसा कोरडा असलेल्या माणसाला नाही म्हणू नये, असं तिचं म्हणणं. मिस्त्रींकडे पाणी मिळालं की मोटर उचला आणि चालू लागा, अशी लोकांत थट्टाच होती. वाईटपणा तिने घ्यायचा आणि चांगुलपणा यांनी मिरवायचा, असा त्यांचा संसार इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता.

मिस्त्री आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"दोघांनाही हो म्हणालात ना?"

मिस्त्री चादरीची सुरकुती ओढू लागले.

"अहो, चादर सोडा. मला नाही जायचं तिकडे. मागच्या खेपेला तुम्हाला आत येऊ देत नव्हते. मी दिवसभर छताकडे बघत पडलेली आणि तुम्ही तिथे जिन्यात बसलेले. इथे निदान तुमची खुडबुड तरी ऐकू येते."

"मग तूच सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"सांगितलं की. 'आई, तू बोलू नकोस, आराम कर,' म्हणाला. धडधाकट होते तोवर माझ्या नाहीला वजन होतं. आता म्हणतात, आजारी आहे, हट्ट करते." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "आयुष्यभर मी म्हटलं. या वेळेला तुम्ही म्हणा."

मिस्त्रींनी खाटेचा पाय हलवून पाहिला. "नेलं असतं तर वाचली असतीस, असं मला नंतर वाटत राहिलं तर?"

"वाटेल. तुम्हाला काय वाटतं, मला सोपं जायचं? प्रत्येक माणूस मोटर उचलून गेला की वाटायचं, कुणी सांगावं, झालीही असती."

हे मिस्त्रींना कधी सुचलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. ते झटकन उठून दुकानात आले.

मग त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दुकानातून अंगणात, अंगणातून नळाशी. नळ उघडला, वायसर सापडेना म्हणून तसाच परत बसवला. टेबलावरच्या मोटरीपुढे उभं राहून त्यांनी "नाही" म्हणून पाहिलं. मोटर उलटून बोलली नाही, त्यामुळे ते बरं जमलं.

गाडी आली. ड्रायव्हरला गाडीतच थांबवून मुलगा तरातरा आत आला. रस्त्यात आईला धक्के बसू नयेत म्हणून त्याने नवी कोरी उशी आणली होती, ती बगलेत होती.

"आईचं आवरलं का? लगेच निघू, म्हणजे उजेडात पोचू."

 मिस्त्री आत गेले. भांडं वाजलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पेला होता आणि काठोकाठ भरल्याने पाणी अंगठ्यावरून ओघळत होतं.

"बस. पाणी पी."

मुलगा याच दुकानात लहानाचा मोठा झालेला. पेल्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"मला तहान नाहीये, बाबा."

"पी."

"नको म्हटलं ना." त्याचा आवाज चिरकला. "आई सांगतेय म्हणून, हो ना? तिला कळत नाहीये आत्ता. तुम्ही काय म्हणताय ते सांगा."

मिस्त्रींची पळवाट तिथेच बंद झाली. "तू म्हणशील तसं" हे सवयीने अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही.

"मी म्हणतोय," ते म्हणाले. "नाही न्यायचं."

"म्हणजे हातावर हात ठेवून बघत बसायचं?"

"बसायचं कसलं? नर्स येतेय. आईचं दुखणं थांबवायचं, कूस बदलायची, तोंड ओलं ठेवायचं. तू राहिलास तर दोघं मिळून करू." त्यांनी पेला पुढे केला. "बरी नाही होणार रे ती. मलाही हवीये ती."

मुलगा स्टुलावर बसला. उशी मांडीवर घेऊन बराच वेळ तिची शिवण चाचपत राहिला. मग त्याने पेला घेतला, एका दमात संपवला आणि ड्रायव्हरला परत पाठवायला बाहेर गेला. मिस्त्री त्याच्यामागून ड्रायव्हरसाठीही पेला भरून घेऊन गेले.

दुपारी नर्स आली. तिने काकूंच्या जिभेवर थेंब सोडले. मुलाने नवी उशी आईच्या गुडघ्यांखाली सारली आणि नर्सने दाखवलं तसं बापाने आणि त्याने मिळून तिला कुशीवर केलं. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी सैल पडली. नर्स गेल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं,

"पाणी दिलंत ना त्याला आधी?"

"दिलं."

"सगळं प्यायला?"

"सगळं."

तिने हात पुढे केला. मिस्त्री खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी तो हातात घेतला. तार ओढून ओढून तिच्या बोटांना पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"बाबा," मुलगा बाहेरून म्हणाला, "नळ गळतोय."

"गळू दे," मिस्त्री म्हणाले.