मिटलेल्या फुलांचा नमुना

अमेरिकेतल्या युटामधल्या त्या पांढऱ्या टेकडीवर ब्लेझिंगस्टारचं रानझुडूप दिवस कलल्यावर फुलतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डॅक्सला नाही! भर दुपारी तो जीपमधून उतरला, मुळासकट एक झुडूप उपटलं, मिटल्या फुलांसकट जुन्या वर्तमानपत्रात कोंबलं आणि धूळ उडवत गेला. खडकाच्या सावलीत उन्हं उतरायची वाट बघत बसलेल्या रोवेनाने हे पाहिलं.

"लावले दिवे," ती म्हणाली.

दोघांच्या शाळेतून एकच नमुना विद्यापीठाच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जाणार होता. खाली गोळा करणाऱ्याचं नाव, कायमचं. ते आपलंच असणार, याबद्दल रोवेनाला तिळमात्र शंका नव्हती. समोर होतं तरी कोण? डॅक्स!

संध्याकाळी पिवळीधमक फुलं उघडली. तिने सर्वांत देखणी फांदी निवडली. खालची वाळकी, तपकिरी बोंडं कापून फेकली. असली घाण कोण मिरवणार! या झाडाची पानं कागदाला एकदा चिकटली की सुटत नाहीत, म्हणून तिने श्वास रोखून फांदी एकाच झटक्यात नेमकी ठेवली आणि ती दाबून वाळवायला वरखाली फळ्या आवळल्या.

निवडीच्या दिवशी विद्यापीठाच्या लुंडग्रेन मॅडम आल्या. डॅक्सचा नमुना म्हणजे गाडीखाली आलेला कोळी.

"इस्त्री फिरवायची विसरलास का रे?" रोवेनाने विचारलं.

"गप गं, राणीसाहेब. तुझं तर वाढदिवसाचं कार्ड दिसतंय."

मॅडमनी रोवेनाचा कागद उचलला. "सुरेख! आणि बोंडं?"

"ती... कुरूप होती, मॅडम."

"अगं, यांच्या जाती बियांवरून ओळखतात. फुलं सगळ्यांची सारखीच." त्यांनी डॅक्सच्या कोळ्याचं एक बोंड हलक्या हाताने उघडलं. बारीक पंखांच्या बिया! "हा चालेल. कुठून आणलास, बाळ?"

डॅक्सने डोकं खाजवलं. "रस्त्याकडेनं. म्हणजे... जीप थांबवली होती तिथून."

"नेमक्या जागेची नोंद नसेल तर हा नुसता पालापाचोळा. मला दोन्ही परत करावे लागतील."

रोवेनाचं तोंड कडू झालं. ती गप्प राहिली असती तर दोघांचाही निकाल लागला असता, आणि या ठोंब्याचं नाव तरी लागलं नसतं. पण त्या पंखवाल्या बिया कचऱ्यात? याच्या मठ्ठपणापायी?

"पांढरी टेकडी," ती दात आवळून म्हणाली. "दक्षिणेचा उतार, फुटक्या खडकाखाली. मी तिथंच होते. लिही, गधड्या."

डॅक्सने पेन काढलं. "दक्षिण म्हणजे... डावीकडे ना?"

"आण इकडे!" रोवेनाने पेन हिसकावलं आणि त्याच्या नावाखाली, आपल्या सुबक अक्षरात, जागा लिहू लागली.