एकट्या कातीला नाव नाही

होन्नम्मा लेकीच्या बाळंतपणाला मंड्याला निघाली, तेव्हा घरातल्या रेशमाच्या अळ्या चौथ्या तापाला बसल्या होत्या. ताप म्हणजे आजार नव्हे. कात टाकायच्या आधी अळ्या खाणं सोडतात, मान उंचावून मूर्तीसारख्या गप्प राहतात. त्यालाच त्या गावात ताप म्हणतात. होन्नम्मा त्यांच्यापाशी बसून हलक्या आवाजात म्हणायची :

ताप नव्हे गं बाई, लेक बसली न्हायाला,
जुनं लुगडं सोडून, नवं अंगी ल्यायाला.

बसमध्ये चढता चढता ती सुनेला म्हणाली, "नागवेणी, पाल्याची घाई नको. सगळ्या उठल्या की मगच घाल. पीक एकसारखं आलं, सगळ्यांनी एकदम कोष विणले, तर अळ्यांची खोली तुझी. मी पुन्हा लुडबुडायची नाही."

लग्न होऊन आल्यापासून नागवेणीला त्या खोलीत पाला चिरण्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. खोलीवर मात्र तिचा जीव जडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या ठेवलेल्या बांबूच्या एका पसरट ताटीत तिला पहिली कात दिसली. सुकलेल्या पाकळीसारखी, तपकिरी, सुरकुतलेली. शेजारी नवी कोरी अळी, मोठं डोकं हलवत पाला शोधत होती.

"उठली, उठली!" मागून सासरे मुद्दप्पा ओरडले. "घाल की पाला!"

"थांबा अप्पा. एकच उठलीय."

"एकीला भूक नसते होय? तुझ्या त्या ट्रेनिंगमध्ये उपाशी मारायला शिकवतात वाटतं."

नागवेणी हसली. रेशीम खात्याच्या ट्रेनिंगमधल्या मॅडमनी या कातींना एक जड शब्द सांगितला होता : एक्झुव्हिए. लॅटिनमधला. अंगावरून उतरवलेली वस्त्रं, लढाईत हरलेल्याची काढून घेतलेली चिलखतं, असा त्याचा जुना अर्थ. शब्द कायम अनेकवचनी. आपल्याकडे डोहाळे म्हणतात तसा. एकटा डोहाळा कुणाला लागतो?

"आणि एकच कात असली तर?" तिने विचारलं होतं.

"तिच्यावरून पंडित अजून भांडतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "कुणी एक्झुव्हिया म्हणतं, कुणी म्हणतं असा शब्दच नाही."

ते सगळं तिने अप्पांना सांगितलं. "म्हणून एकट्या कातीकडे बघायचं नाही. ताटभर काती दिसल्या की पाला."

"एक्सूबाई," अप्पा पुटपुटले. "भुकेल्याला व्याकरण वाढतेय बघा!"

दुपारपर्यंत काती वाढत गेल्या. नागवेणी तुतीचा पाला तोडायला मळ्यात गेली. भारा घेऊन परतली, तर कडेची ताटी हिरवीगार! अप्पा धोतरावरचे पाल्याचे तुकडे झटकत होते.

"ती माझ्याकडे बघत होती गं," ते म्हणाले.

नागवेणीने भारा तिथेच टाकला. उठलेल्या अळ्या कचाकचा खात होत्या, आणि तापातल्या बिचाऱ्या पाल्याखाली गाडल्या गेल्या होत्या. आता त्या मागे पडणार; काही कोष विणतील तेव्हा काही अजून खातच असतील. आणि अत्ते, तिची सासू, म्हणेल, दे माझी खोली परत.

तिने त्या ताटीवर जाळी अंथरली, वर कोवळा पाला पसरला. जाग्या अळ्या जाळीतून वर चढल्या, तशी तिने जाळी अलगद उचलून दुसऱ्या ताटीत ठेवली. मग खालचा पाला एकेक करून काढला. तापातल्या तशाच, माना वर करून बसलेल्या. बाकीच्या ताट्यांत तोवर कातींचा सडा पडला होता. तिथे तिने पोटभर पाला घातला.

तेवढ्यात होन्नम्माचा फोन आला. "नात झाली गं! तुझ्याकडे? सगळ्या एकदम उठल्या?"

नागवेणीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते छताचे वासे बघत होते.

"उठल्या, अत्ते. एक ताटी मागे राहिली. अप्पांना दया आली. जाळी टाकून वेगळी केलीय."

पलीकडे होन्नम्मा अप्पांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खो खो हसत सुटली. "अगं, सांगायचंच राहिलं! चौथ्या तापाला मी दर वेळी त्यांना काहीतरी आणायला चन्नपट्टणला पिटाळते. मला नाही सुचली जाळी. पुढच्या पिकाची अंडी तूच निवडून आण."

"म्हणून होय," अप्पा फुरंगटून म्हणाले, "दर वेळी हिंगच संपायचा!"

संध्याकाळी मागे पडलेल्या ताटीतही काती गळू लागल्या. अप्पा हातात मूठभर पाला घेऊन कधीचे तिच्याशेजारी उभे होते.

"सूनबाई," त्यांनी हळूच विचारलं, "आता घालू?"

नागवेणीने वाकून ताटी नीट पाहिली.

"घाला, अप्पा," ती म्हणाली.